कुंदा मॅडमचं उदासीन पाणी

कुंदा उमाळकर मॅडमचं 'बरं' तीन तऱ्हेचं होतं. पहिलं आखूड, जागच्या जागी बसलेलं. म्हणजे उत्तर बरोबर, खाली बस. दुसरं लांब ओढलेलं, शेवटाला वर उचललेलं. म्हणजे उत्तर चुकलंय, पण अजून एक संधी आहे. तिसऱ्या 'बरं'नंतर मॅडम चष्मा काढून पदराने पुसायच्या आणि पुसता पुसता अमरावतीच्या स्वच्छ, इस्त्रीच्या मराठीतून घसरून थेट वऱ्हाडीत यायच्या. "काहून रे?" म्हणजे 'का रे?' एवढे दोनच शब्द. ते ऐकले की धामणखेडच्या शाळेतली अख्खी नववी वहीत तोंड खुपसायची.

धामणखेड हे तेल्हाऱ्याच्या खालच्या अंगाला, पूर्णेकडे उतरत जाणाऱ्या काळ्या रानातलं गाव. मॅडम राहायच्या वर, हिवरखेडला, भाड्याच्या दोन खोल्यांत. सकाळी एसटीने तेल्हारा, तिथून ऑटो. पिशवीत डबा, आणि डब्याशेजारी घरून भरून आणलेली पाण्याची बाटली. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात धामणखेडच्या पाण्यानं त्यांचं पोट असं काही बिघडलं, की पुढची चोवीस वर्षं तिथल्या पाण्याचा एक थेंब त्यांनी तोंडात घेतला नाही. चहासुद्धा नाही. "मॅडम, घोटभर तरी?" "नको. मी घेऊन आलेय." हा संवाद शाळेत प्रार्थनेइतका नेमाने व्हायचा.

त्यांचे वडील अमरावतीला भिक्षुकी करायचे. रोज पूजेची तांब्याची भांडी चिंचेनं घासायचं काम लहानग्या कुंदाकडे. काळवंडलेलं ताम्हन चिंच लागली की लालबुंद व्हायचं, आणि कुंदा विचारायची, "बाबा, चिंचेनंच का हो निघतं?" वडील म्हणायचे, "चिंचेनं निघतं म्हणून चिंचेनं घासायचं." हे उत्तर कुंदाला जन्मात पटलं नाही. त्या न पटलेल्या उत्तरापायी ती बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली आणि 'तात्पुरती' म्हणून धामणखेडला रुजू झाली. त्या तात्पुरतीला यंदा चोवीस वर्षं झाली.

त्यांचं एक वाक्य होतं. ते फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात कायमचं लिहिलेलं असायचं, आणि फळा पुसणारा पोरगा तेवढं सोडून पुसायचा: 'पाहिलं ते लिहायचं. लिहिलेलं पाहायचं नाही.'

कारण धामणखेडात प्रयोगवही ही वडिलोपार्जित चीज होती. थोरल्याची धाकट्याला, धाकट्याची चुलतभावाला. प्रयोग व्हायच्या आदल्या दिवशीच निष्कर्ष लिहून तयार. एका पोरानं तर पावसाळ्यात 'आज ऊन कडक असल्याने द्रावण लवकर सुकले' असं लिहून आणलं होतं, कारण त्याच्या मोठ्या भावानं तो प्रयोग एप्रिलमध्ये केला होता.

"काहून रे? कुठी हाये ऊन?"

"दादाच्या टायमाले होतं मॅडम."

यंदा 'आम्ल, आम्लारी व क्षार' हा धडा डिसेंबरात आला, आणि लिटमसचे कागद काही आले नाहीत. मागणी तीनदा लिहून पाठवली होती. जुन्या डबीतले कागद इतके म्हातारे झाले होते, की लिंबात बुडवले काय आणि चुन्यात बुडवले काय, त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं. मॅडमनी मग घरमालकिणीच्या अंगणातली जास्वंद तोडली, रात्री स्वतःच्या खोलीत पाकळ्या उकळल्या आणि गडद जांभळट रसाची बाटली भरून घेतली. हा घरचा दर्शक. आम्लात लाल, आम्लारीत हिरवा. उरलेली फुलं सकाळी एसटीत मांडीवर. शेजारच्या बाईनं विचारलं, "आज कोन्या देवाले व मॅडम?"

"नववी 'अ'ला," मॅडम म्हणाल्या.

पोरांनी घरून सामान आणलं. लिंबू, चिंच, पापडखार, चुन्याची निवळी, साबणाचं पाणी. आकांक्षा नावाच्या मुलीनं आणली हरभऱ्याची आंब. तिचे वडील सूर्यभान यांचं तीन एकर हरभऱ्याचं रान होतं. रात्री हरभऱ्यावर धुतलेलं धडपं पसरायचं, पहाटे दवानं ओलं झालेलं ते धडपं पिळायचं. पानांवरची आंबट खार त्यात उतरते. पोटदुखीला ती घरोघर ठेवतात. आकांक्षानं थंडीत कुडकुडत पिळलेली अर्धी बाटली टेबलावर ठेवली. मॅडमनी त्यात जास्वंदीचे दोन थेंब टाकले आणि आंब डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल झाली.

"बरं!" मॅडम म्हणाल्या. पहिलं. आणि तिथल्या तिथे ठरलं, की तेल्हाऱ्याच्या तालुका विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग आकांक्षाच करून दाखवणार.

शेवटी राहिलं साधं पाणी. प्रयोगशाळेच्या खिडकीत पांढरा प्लॅस्टिकचा कॅन होता. त्यावर मॅडमच्याच अक्षरात चिकटवलेली चिठ्ठी: 'डिस्टिल्ड वॉटर. हात लावू नये.' ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून गार केलेलं शुद्ध पाणी. शुद्ध पाणी उदासीन. ना आम्ल, ना आम्लारी. त्यात रंग बदलायचा नाही. एकेचाळीस पोरांनी कॅनमधलं पाणी घेतलं, दर्शक टाकला आणि निरीक्षण लिहिलं.

चाळीस वह्यांत लिहिलं होतं: 'रंग बदलला नाही. पाणी उदासीन आहे.' एकीत लिहिलं होतं: 'रंग हिरवट झाला.'

दुसऱ्या दिवशी मॅडम ती वही घेऊन वर्गात उभ्या राहिल्या.

"आकांक्षा, हे काय?"

"निरीक्षन हाये मॅडम."

"कशाचं?"

"कॅनमधल्या पान्याचं."

"कॅनमधलं पाणी डिस्टिल्ड आहे. ते हिरवं होईल का?"

"व्हायले नाही पाहिजे जी. पन झालं."

"बरं..." दुसरं. "नळी नीट धुतली नसशील. चुन्याची राहिली असेल."

"दोनदा धुतली मॅडम."

"म्हणजे चाळीस जणांना दिसलं नाही, ते तुला एकटीला दिसलं?"

मागून कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "तिच्या डोयात जास्वंद गेली मॅडम!" वर्ग फिसफिसला. आकांक्षानं मान खाली घातली, पण 'चुकलं' म्हणाली नाही. ते एक म्हणाली असती तर गोष्ट तिथंच संपली असती.

"बरं." तिसरं. चष्मा पदरात गेला. "काहून व? मनचं लिहून राहिली? मी बोंबलून सांगतो पाहिलं ते लिहा, अन् तू खोटं लिहितं? खोट्या निरीक्षनाले माह्या टेबलावर जागा नाही. प्रदर्शनात अंकुर जाईल."

लाल पेनानं हिरवट या शब्दावर काट बसली. बाजूला शेरा: 'मनाने लिहिले आहे.' आकांक्षा पहिल्या बाकावरून उठली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. पुढचा सगळा आठवडा तिनं एकही प्रश्न विचारला नाही. उत्तर विचारलं की उठायची, पुस्तकातलं वाक्य काना-मात्रेसकट म्हणायची आणि बसायची. मॅडमना ते टोचत होतं. पण टोचलं म्हणून निरीक्षण खरं होत नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

प्रदर्शन शनिवारी होतं. गुरुवारी शाळा सुटल्यावर मॅडम अंकुरसाठी नळ्या तयार करायला थांबल्या. अंकुर हे खणखणीत आवाजाचं, पाठांतराचं पोरगं. आम्लारी म्हणताना 'री' अशी लांबवायचं, जणू आरतीच चालली आहे. त्याला घरी पाठवून मॅडमनी स्वतः एकेक नळी भरली. आंब लाल. निवळी हिरवी. मग कॅनची तोटी सोडली, पाणी घेतलं, दोन थेंब टाकले.

हिरवट.

मॅडमनी नळी ओतली, धुतली, पुन्हा भरली. हिरवट. त्यांनी नवी, कधीच न वापरलेली नळी खोक्यातून काढली. कॅनमधलं पाणी, दोन थेंब. पोपटाच्या कोवळ्या पिसासारखं, अगदी स्पष्ट हिरवट. मग पिशवीतली स्वतःची बाटली उघडली. हिवरखेडचं पाणी, तोच रस, दोन थेंब. फिका जांभळा, आणि जांभळाच राहिला.

"जानराव!" त्यांनी हाक मारली.

जानराव प्रयोगशाळेचे परिचर. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. त्यांची बोलायची एक रीत होती, प्रश्नाचं उत्तर अर्ध्या वाटेपर्यंतच द्यायचं आणि पुढचा प्रश्न येईपर्यंत वाट बघायची.

"जानराव, या कॅनमध्ये काय आहे?"

"डिस्टिल वाटर."

"आणलं कुठून?"

"टाकीतून."

"कोणत्या टाकीतून?"

"वरच्या."

"वरच्या टाकीत कुठून येतं?"

"मोटरीनं."

"जानराव, मोटर कुठे लावलीय?"

जानरावांनी टोपी काढली, आतून बघितली, परत घातली. "बोरले," ते म्हणाले.

"हे बोरचं पाणी आहे?"

"सोच्छ हाये जी. फडक्यानं गायून भरतो म्या."

"कधीपासून?"

"तो कॅन संपला तवापासून."

"कधी संपला?"

"तुमी नवीन आल्या होत्या नं... तवाच."

मॅडम स्टुलावर बसल्या. जानरावांना ते बसणं बघवलं नाही. "मॅडम, तपासनीवाले येते तर पयले कॅन पाह्यते. रिकामा दिसला तर शेरा मारते. भरेल दिसला तर 'ठीक' म्हन्ते. कोनी चाखून थोडी पाह्यते? तुमीच चिठ्ठी लावली, हात लावू नये. म्हनून म्या कोनाले लावू नाही देल्ला."

एवढ्यात दाराशी स्कूटरची घरघर थांबली आणि विपुल पाण्याचा जार खांद्यावर घेऊन आत आला. गावात त्याचा पाणी गाळायचा छोटा कारखाना होता. शाळेला रोजचे चार जार तोच पुरवायचा. पंधरा वर्षांपूर्वी तो याच टेबलापाशी उभा राहून शिकला होता. ओळीनं मांडलेल्या नळ्या बघून त्यानं एका नजरेत सगळं ओळखलं.

"बोरचं हाये न मॅडम हे? होईनच हिरवं. आपल्याकडचं पानी नुसतं मिठाचं नाही, सोड्याचं हाये. सामू, म्हंजे पीएच, साडेआठच्या वर जाते. म्या मशीन घेतली तवा तपासून आनलं."

"तुला कधी कळलं?"

"मशीन घेतली तवा पक्कं कयलं. बाकी संशय नववीपासून होता." विपुल हसला. "म्या लिहिलं होतं न, तांबडा लिटमस किंचित निळा झाला म्हनून. तुमी काट मारली, दोन मार्क कापले. घरी बाबानं इचारलं, दोन कुठी गेले? म्या म्हनलं, पान्यात गेले."

तो त्याच्या मते विनोद करत होता. त्यात राग नव्हता, आणि तेच मॅडमना जड गेलं.

"आणखी कोणी लिहिलं होतं असं?" त्यांनी हळूच विचारलं.

"दरसाल एकदोन पोट्टे लिहितेच जी," जानराव म्हणाले. "तुमी काट मारता, मंग नाही लिहित."

फळ्याच्या कोपऱ्यातलं वाक्य तिथून दिसत होतं. मॅडमनी तिकडे बघायचं टाळलं.

त्या संध्याकाळी त्यांनी तेल्हाऱ्याची ऑटो सोडून दिली आणि सूर्यभानच्या घराकडे चालू लागल्या. मनात सगळं जुळवलं होतं. मुलीला बाजूला घ्यायचं, दोन शब्द बोलायचे, शनिवारी चल म्हणायचं. प्रकरण मिटलं.

अंगणात आकांक्षाची आई जमुनाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मॅडमना बघून तिची शेंग हातातच राहिली. "या नं मॅडम! पोट्टीनं काही केलं का?"

"तिनं काही नाही केलं. मीच केलंय."

"बसा, बसा. च्या ठेवतो."

मॅडमच्या तोंडाशी 'नको, मी घेऊन आलेय' आलं होतं. ते त्यांनी गिळलं. चहा आला. जमुनाबाई संकोचून म्हणाली, "आमच्या पान्याचा च्या जरा कायाच होते." खरंच काळपट होता, दूध घालूनही. चोवीस वर्षांत पहिल्यांदा मॅडम धामणखेडचं पाणी प्यायल्या, आणि बशीत सांडलेलंसुद्धा त्यांनी संपवलं.

आकांक्षा दारात उभी होती. मॅडम तिला म्हणाल्या, "तुझं निरीक्षण बरोबर होतं. कॅनमध्ये बोरचं पाणी होतं. मी तपासलं नाही. चूक माझी. शनिवारी तूच चल."

आकांक्षानं पायाच्या अंगठ्यानं उंबरठा कोरला. मग म्हणाली, "इथं काहून सांगता मॅडम? खोटं हाये, हे तुमी वर्गात म्हनल्या होत्या."

"अवं!" जमुनाबाई ओरडली. "मॅडमले असं बोल्तेत का?"

"बोलू द्या," मॅडम म्हणाल्या. पण त्यांचे कान तापले होते. घरी जाईपर्यंत, एसटीत, खिडकीशी, त्या एकच हिशेब करत राहिल्या. वर्गात हे सांगितलं तर उद्यापासून कोण ऐकेल? चोवीस वर्षं पोरं त्यांच्या लाल पेनाला भीत होती. त्यांच्या धाकातली अर्धी ताकद त्या पेनात होती. न सांगावं, तर प्रदर्शनात आकांक्षा येणार नाही. आणि समजा आलीच, तर अंकुरसारखी 'री' ओढत पुस्तक म्हणून दाखवेल.

शुक्रवारी दुसऱ्या तासाला टेबलावर तीन नळ्या होत्या. एकीत मॅडमच्या बाटलीतलं पाणी, दुसरीत विपुलच्या जारचं, तिसरीत कॅनमधलं. जानराव दाराशी उभे होते, टोपी हातात.

"आकांक्षा, पुढे ये. थेंब टाक."

ती आली. पहिली नळी जांभळी राहिली. दुसरीही. तिसरी हिरवट झाली. "दिसलं का रे सगळ्यांना?" वर्गानं माना वर केल्या. मागच्यांनी बाकावर गुडघे टेकले.

मॅडमनी आकांक्षाची वही उघडली आणि स्वतःचा शेरा मोठ्यानं वाचला. "मनाने लिहिले आहे. हे मी लिहिलं. न बघता लिहिलं. या मुलीनं बघून लिहिलं आणि मी तिला तुमच्यासमोर खोटी म्हणाले. म्हणून तुमच्यासमोरच सांगते, ती खरी होती. या कॅनवर डिस्टिल्ड असं लिहिलेलं होतं आणि मी ते लिहिलेलं पाहिलं. पाणी नाही पाहिलं."

लाल पेनानं त्यांनी आपल्याच शेऱ्यावर काट मारली, खाली सही केली. बाहेरच्या ऑटोवाल्याचं 'तेल्हारा, तेल्हारा' आत ऐकू आलं. मग मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "जानरावमामा, एक गिल्लास डिस्टिल वाटर!" आणि सगळा वर्ग फुटला. जानराव पण हसले, लाजल्यासारखे.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी बाकीच्या चाळीस वह्यांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला.

"बरं."

तिसरं होतं. हसणं जागीच थिजलं. चष्मा पदरात गेला.

"पानी तर सगळ्यायचं हिरवं झालं होतं. मंग चाळीस जनायनं 'रंग बदलला नाही' काहून लिहिलं रे?"

चाळीस तोंडं वहीत गेली. फक्त अंकुर उभा राहिला, कारण त्याला उभं राहायची सवय होती. "मॅडम, दादाच्या वहीत तसंच होतं. अन् दादाच्या वहीवर तुमी 'बरोबर' केलं होतं."

मॅडमचा पदर चष्म्यावरच थांबला. "हो," त्या म्हणाल्या. "तेही मीच केलं. बस." मग चष्मा डोळ्यांवर चढवत, "उद्या नळ्या धरायला तू चल. बोलायचं आकांक्षानं."

"चालते!" अंकुर इतक्या मनापासून म्हणाला, की त्याचं पाठांतर अजून किती कच्चं होतं ते सगळ्यांना समजलं.

शनिवारी तेल्हाऱ्याच्या शाळेच्या हॉलमध्ये ज्वालामुखी होते, पवनचक्क्या होत्या, आणि कोपऱ्यातल्या एका टेबलावर सात नळ्या. परीक्षक मोठे भारदस्त होते. प्रत्येक टेबलापाशी 'हं... छान' म्हणत पुढे सरकायचे, हं नाकातून आणि छान ओठांतून. या टेबलाशीही त्यांनी 'हं' केलं. आकांक्षानं आंब दाखवली, निवळी दाखवली. सातव्या नळीशी येऊन ती म्हणाली, "हे आमच्या गावचं पानी. हे आम्लारीधर्मी हाये."

"छा..." परीक्षक अर्ध्यावर थांबले. "नाही बाळा. पाणी उदासीन असतं. पुस्तकात दिलंय ना? मॅडमनी शिकवलं नाही का?"

कुंदा मॅडम दोन पावलांवर भिंतीला टेकून उभ्या होत्या. परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिलं, आकांक्षानंही पाहिलं. मॅडमच्या जिभेवर सगळं उत्तर तयार होतं, बोर, सोडा, सामू. त्यांनी ते तसंच जिभेवर ठेवलं.

"शिकवलं सर," आकांक्षा म्हणाली. "पन कोन्तं पानी?"

परीक्षकांनी भुवया उंचावल्या. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा भारदस्तपणा जरा बाजूला झाला. त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून स्वतःची बाटली काढली आणि टोपण फिरवलं.

"हे माझ्या घरच्या नळाचं," ते म्हणाले. "याचं काय होतं सांग बरं?"

"ते सांगता नाही येत सर. टाकून पाहावं लागते."

अंकुरनं कोरी नळी पुढे केली. परीक्षकांनी पाणी ओतलं. आकांक्षानं दोन थेंब टाकले, नळी हलवली आणि खिडकीच्या उजेडाकडे धरली.

"काय दिसलं?" परीक्षकांनी विचारलं.

भिंतीपाशी मॅडम पुटपुटल्या, "बरं." पहिलं. आकांक्षानं मात्र उत्तर द्यायची काहीच घाई केली नाही. ती अजून बघत होती.